माझ्या नावाचं ‘होय’

“दारावर तुम्ही स्वतः उभ्या असाल तरच आतून ‘होय’ म्हणायचं, काकी. दुसरं कोणी ठोठावत असलं, मग ते कितीही ओळखीचं असो, ‘नाही’ दाबायचं आणि फोन उपडा ठेवून द्यायचा.”

रुचिताचं हे सांगणं अजून माझ्या कानात तसंच्या तसं आहे. तलासरीच्या ऑफिसात पंख्याखाली आम्हा सगळ्यांना बसवून तिने ते समजावलं होतं. आवाज मऊ, पण शब्द सुटे सुटे, शुद्धलेखन घालणाऱ्या बाईंसारखे. मी पहिल्या रांगेत होते. पोरीचं मला कौतुक वाटत होतं, आणि मी ते लपवतही नव्हते.

आमची संस्था पाड्यांवरच्या मुलींसाठी वसतिगृहं चालवते. मी त्या वसतिगृहांची पर्यवेक्षिका. डहाणूहून रोज एसटीने जाते-येते. पूर्वी कागदावर चालणारं काम गेल्या काही वर्षांत कॉम्प्युटरवर गेलं. मुलींच्या हजेरीचा एक प्रोग्राम, कोठारातल्या धान्याचा दुसरा, औषधांचा, रजेचा, आणि कोण कामावर आहे, कोण सोडून गेलं हे सांभाळणारा आणखी एक. ते आमच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर नव्हतेच. लांबच्या कुठल्याशा शहरात मोठाली मशीनं होती, तिथे ते राहत; आम्ही इथून फक्त दार वाजवायचं. तलासरीत वीज गेली तरी तिकडचे दिवे चालूच.

जितकी दारं तितके पासवर्ड, आणि तेही दर काही महिन्यांनी बदलायचे. मी देवांची नावं ठेवायची. हजेरीला महालक्ष्मी, कोठाराला अन्नपूर्णा, औषधांना धन्वंतरी. बदलायची वेळ आली की नवा देव शोधायचा, आणि नेमकं सकाळी घाईत कुठल्या दाराशी कोण बसलाय ते आठवायचं नाही. दोनतीनदा चुकलं की दार बंद. आमचा क्लार्क मनिष म्हणायचा, “काकींना अजून एक प्रोग्राम दिला तर तेहतीस कोटीसुद्धा कमी पडतील.” त्याचे स्वतःचे पासवर्ड कीबोर्डच्या खाली चिकटपट्टीने लावलेले असत, आणि ते चहावाल्यासकट सगळ्यांना पाठ होते.

म्हणून संस्थेने हे नवं आणलं, एकच लॉगिन. एक नाव, एक पासवर्ड. तो टाकला की आपल्या फोनवर विचारणा येते: तुम्हीच का? खाली ‘होय’ आणि ‘नाही’. एकदा ‘होय’ म्हटलं की सगळी दारं उघडी. हे बसवायचं काम रुचिताकडे होतं. ती डहाणूजवळच्या आगरची. वडील बोटीवर जायचे, ते गेले. घरी आई आणि ती. कॉम्प्युटरचं शिकून आमच्याकडे कंत्राटावर लागली होती. हे काम पुरं झालं, शेवटच्या माणसापर्यंत सगळे नव्या लॉगिनवर आले, की तिला कायम करायचं, असं कार्यवाह एकनाथभाऊंनी तिला सांगितलेलं होतं.

माझा पासवर्ड तिनेच बसवून दिला. मी पुन्हा महालक्ष्मी ठेवली. आता एकच ठेवायचा तर दुसरं नाव कशाला सुचेल?

माझ्या नेमाबद्दल थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळायचं नाही. समर्थ, माझा मुलगा, लहानपणी तापाने पार हातचा जाण्याच्या वाटेवर होता. तेव्हा विवळवेढ्याच्या महालक्ष्मीआईला मी बोलले होते, की रोज आंघोळ झाल्यापासून तुझा डोंगर डोळ्यांना दिसेपर्यंत मी बोलणार नाही, आणि हातात जपाच्या माळेशिवाय काही धरणार नाही. समर्थ उठला. आता तो बडोद्याला नोकरी करतो. माझा नेम चालू आहे. तलासरीची नोकरीच अशी मिळाली की रोज चारोटी नाका सोडला की थोड्या वेळाने खिडकीतून महालक्ष्मीचा सुळका दिसतो. मी हात जोडते, माळेची गोमुखी पिशवीत ठेवते, मग कंडक्टरशी पहिलं बोलते. सुट्टीच्या दिवशी घरातल्या तसबिरीवर भागवते. आमचे हे वाणगावला स्टेशनवर आहेत. ते म्हणतात, तुझ्या नवसाचा खरा प्रसाद मला मिळाला, रोज सकाळी घरात शांतता.

पूर्वी याची कुणाला अडचण नव्हती. ऑफिसात पोचून मी हजेरीवर मंजुरी द्यायची. नव्या लॉगिनबरोबर नवी वेळही आली. सगळ्या वसतिगृहांतल्या मुलींचा आकडा आठच्या आत मंजूर झाला पाहिजे, तरच मध्यवर्ती स्वयंपाकघरातून तेवढ्या मुलींचं जेवण निघणार. आठला मी बसमध्ये. हातात गोमुखी, तोंड बंद.

रुचिता माझ्याच बसने यायची. माझ्या शेजारची जागा तिची ठरलेली. मी आधी चढले तर पिशवी ठेवून राखायची. तिचं जेवण कधी नीट नसे, म्हणून माझ्या डब्यात तिच्या वाटणीचं असायचं. मंगळवारी ती माझ्याबरोबर उपास धरू लागली होती. तिनेच एका संध्याकाळी परतीच्या बसमध्ये सुचवलं, की काकी, सकाळी तुम्ही जप करा, फोन माझ्याकडे द्या. मी लॅपटॉपवर तुमचं नाव टाकते, विचारणा आली की होय दाबते, हजेरी मंजूर करून बंद करते. मुलींच्या जेवणाचं काम आहे, त्यात कसलं पाप?

मला तिचंच ट्रेनिंग आठवलं. मी म्हटलं, “अगं, पण तूच सांगितलंस ना, दारावर दुसरं कोणी असलं तर नाही म्हणायचं?”

ती हसली. माझ्या खांद्यावर डोकं टेकवून म्हणाली, “आपल्या दोघींत दुसरं कोण आहे, काकी?”

दुसऱ्या दिवशी सकाळी आशागडच्या पुढे तिने हात पुढे केला. मी पिशवीकडे मान हलवली. मौनात मान हलवायला बंदी नव्हती. तिने फोन काढून घेतला. तेव्हापासून तो रोजचा परिपाठ झाला. माळ माझ्या हातात, फोन तिच्या मांडीवर. सुळका दिसला की मी हात जोडायची, तीही लॅपटॉप मिटून जोडायची, आणि मग फोन माझ्या पिशवीत परत. मला वाटायचं, देवीने माझा नेम सांभाळायला ही पोर धाडली.

आता हिरकणी.

उधव्याच्या रस्त्याला आमचं लहान मुलींचं वसतिगृह आहे, तिथे ती मदतनीस होती. झाडलोट, पाणी, आजारी मुलीजवळ बसणं, असली सगळी कामं. पण तिचं खरं काम कुठल्याच प्रोग्रामात लिहिलेलं नव्हतं. पहिल्यांदा घर सोडून आलेल्या मुली पाड्याच्या आठवणीने उठून बाहेर पडतात, चालत घरी जायला निघतात. हिरकणी हॉलच्या दारातच आडवी अंथरूण टाकायची. तिला ओलांडून गेल्याशिवाय कुणाला जाता यायचं नाही, आणि ओलांडताना ती पाय धरायची. मुली हसायला लागायच्या. रडू तिथेच संपायचं. नवरा गेल्यावर तिला दुसरं घर राहिलं नव्हतं; स्वयंपाकघरामागची खोली संस्थेने दिली होती, तेच घर.

तिच्याकडे फोन नव्हता. एकदा घेतला होता, तो जावयाने नेला. दुसरा घेतला तर तोही नेईल, म्हणून ती घेत नव्हती. आणि नव्या लॉगिनला फोन हवाच. रुचिताचं काम अडलं होतं ते अशाच दोनचार जणींपाशी. बाकीच्यांनी कुणी भावाचा, कुणी मुलीचा नंबर दिला. हिरकणीकडे द्यायला कुणाचा नंबर नव्हता. रुचिता दोनदा वसतिगृहावर जाऊन तिला समजावून आली, मग जरा चिडूनही आली. माझ्याकडे म्हणाली, एका बाईपायी माझं सगळं अडून राहिलंय.

त्यानंतर मी गेले तेव्हा हिरकणी हौदापाशी गोधड्या धूत होती. हात पुसत उठली आणि हळूच म्हणाली, “बाई, फोन नाय म्हणून माझा नाव काढतील का?”

मी म्हटलं, “तुझं नाव माझ्या हाताखाली आहे. मी आहे तोवर ते कुणी काढणार नाही. माझा शब्द.”

ती आत गेली आणि मला पाणी आणून दिलं, स्टीलचा पेला पदराने पुसून. मी ऑफिसात येऊन एकनाथभाऊंना सांगितलं, की अशा माणसांसाठी लॉगिनमध्ये दुसरी काही सोय करायला हवी. ते म्हणाले, बघू, कंपनीला विचारतो. रुचिताही तिथेच होती. तिने मान डोलावली.

पुढे शाळांच्या परीक्षा आल्या, मग माझी मान धरली, आणि उधव्याच्या रस्त्याला जाणं राहिलं. हजेरी रोज मंजूर होत होती. सगळं सुरळीत होतं.

गेल्या गुरुवारी गेले. जाताना हिरकणीसाठी डहाणूच्या बाजारातून तपकीर घेतली होती. तेवढंच तिचं व्यसन. हौदापाशी नवीनच एक मुलगी भांडी घासत होती, ओळख नव्हती. आत स्वयंपाकीण कमळी भाजी चिरत होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा विळीकडे बघायला लागली. एरवी ती उठून येते.

मी विचारलं, हिरकणी कुठे?

“गेली,” ती म्हणाली.

“कुठे गेली?”

“बोर्डीला. वाडीत चिकू उतरवतात, तिथं. बहीण हाय तिची.” मग विळी थांबवून म्हणाली, “तुम्हीच नं काढली, बाई?”

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. कमळीने सांगितलं ते असं. ऑफिसातून अधीक्षिकेला कळवलं गेलं, की हिरकणीचं नाव कामावरून कमी झालं आहे, खोली मोकळी करावी. अधीक्षिकेने कुणी काढलं ते विचारलं, तर उत्तर आलं, वसुमतीबाईंच्या मंजुरीने. म्हणजे माझ्या. जागेवर साफसफाईच्या कंत्राटदाराने दुसरी मुलगी धाडली. ती रात्री घरी जाते. हॉलच्या दाराला आता बाहेरून कडी घालतात.

“ती भांडली नाही?” मी विचारलं.

“मी सांगितला तिला, जा, बाईंना विचार. तर म्हणाली, बाईंचा नाव हाय म्हटल्यावर भांडायचा कुणाशी? त्यांनी काढला तर कायतरी कारण असंल.”

तपकिरीची डबी माझ्या पिशवीत तशीच होती. ती कमळीकडे ठेवायला द्यावी असं मनात आलं, पण हात झाला नाही. मागे जाऊन खोली पाहिली. तिथे कंत्राटदाराच्या झाडण्या आणि फिनेलचे डबे होते.

ऑफिसात परत येऊन मी मनिषला म्हटलं, हिरकणीचं नाव उघडून दाखव. त्याने दाखवलं. ‘सेवा सोडली’, असं होतं. खाली माझं नाव. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, “सकाळचं आहे, काकी. हजेरी मंजूर झाली, त्याच्या मागोमाग.”

मग मला सगळं उमगलं. पूर्वी माझ्या हजेरीचा पासवर्ड कुणाला कळला असता तरी माणसांच्या प्रोग्रामचं दार बंदच राहिलं असतं. तिथे दुसरा देव बसलेला होता. आता दार एकच. महालक्ष्मीचं नाव घेऊन मुलींच्या जेवणासाठी जी आत गेली, तिला पुढच्या खोलीत जायला कुणी अडवलं नाही.

मनिषने आणखी एक सांगितलं. महिना संपला की ‘सेवा सोडली’ झालेली नावं कायमची निघतात; मग तीच बाई पुन्हा घ्यायची तर नव्याने भरती. आणि महिना उद्या संपत होता. नाव परत उघडायचा अधिकार फक्त कार्यवाहांना.

मी एकनाथभाऊंना फोन लावला. त्यांची बोर्डीला चिकूची वाडी आहे, आठवड्यातले निम्मे दिवस ते तिथूनच कारभार बघतात. ते शांतपणे ऐकत होते. मी म्हटलं, ते मी केलेलं नाही. ते म्हणाले, वसुमतीबाई, तुमच्या लॉगिनने झालंय, तुमच्या फोनवरून होय आलंय. मग कुणी केलं? मी गप्प राहिले. भर दुपारी, मौन नसताना गप्प राहिले. ते म्हणाले, नाव मी उघडीन, पण फोनवरच्या सांगण्यावरून नाही. कुणाचाही आवाज ऐकून काही करायचं नाही, हे आपण सगळ्यांना शिकवलंय. समोर या आणि काय झालं ते सांगा. उद्या उजाडताच मी मुंबईला विश्वस्तांच्या बैठकीला निघतोय, तिथेच हे नव्या लॉगिनचं काम पुरं झाल्याचं मांडणार आहे. त्याआधी या.

म्हणजे रुचिताचं काम पुरं झालं होतं. शेवटच्या माणसापर्यंत.

संध्याकाळच्या बसमध्ये तिने नेहमीसारखी माझी जागा राखली होती. पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि डब्यात काही उरलंय का विचारलं. मी डबा दिला. तिने एक घास खाल्ला. मग मी म्हटलं, “हिरकणीचं नाव तू काढलंस?”

तिने झाकण लावलं. खोटं बोलली नाही, एवढं तिच्या बाजूने लिहिते. खिडकीकडे तोंड करून म्हणाली, की काढलं नाही, थोडे दिवस बाजूला ठेवलं. नव्या लॉगिनवर न आलेलं तेवढं एकच नाव उरलं होतं. ते असेपर्यंत काम अपुरं दिसत होतं. मला कायम केल्याचं पत्र हातात पडलं की परत घालणारच होते. आई आजारी असते, काकी, कंत्राट संपलं असतं तर मी काय केलं असतं? कुणाच्या पोटावर पाय द्यायचा नव्हता मला.

“तिची खोली गेली,” मी म्हटलं.

हे तिला माहीत नव्हतं. ते मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. नाव कमी झालं की खोलीही जाते, हे प्रोग्राममध्ये तिला कुठे दिसणार?  रानशेत मागे पडलं. मग म्हणाली, “एक महिना थांबा, काकी. फक्त महिनाभर. तिला पुन्हा नव्याने घेऊ, मी स्वतः करते सगळं. आणि भाऊंना सांगायचंच असेल तर, चुकून दाबलं गेलं म्हणा. तुम्हाला कुणी काही बोलणार नाही.”

“माझ्याच नावाने का केलंस?”

“तो अधिकार तुम्हालाच आहे ना.” मग अगदी हळू, जवळजवळ मायेने म्हणाली, “आणि तुमच्या नावावर कुणी प्रश्न विचारत नाही, काकी.”

मला आठवायचा प्रयत्न करूनही तो दिवस आठवेना. सगळे दिवस सारखेच. माळ सरकत होती, शेजारी बोटं चालत होती, डोंगर आला, मी हात जोडले, आणि शेजारी तिनेही जोडले. त्याही दिवशी जोडले असणार. एकदा नाही म्हणावंसं वाटलं नसेल का तिला? की फोनवर विचारणा आली, तुम्हीच का, तेव्हा तिला खरंच वाटलं, होय, मीच?

डहाणूला उतरताना तिने माझी पिशवी धरली, रोज धरते तशी. मी ती घेतली आणि म्हटलं, उद्या माझ्यासाठी जागा राखू नकोस. ती तिथेच स्टँडवर उभी राहिली. मी मागे वळले नाही. वळले असते तर मला तिची दया आली असती.

घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. हे चिडत नाहीत कधी, पण ताट सारून बसले. म्हणाले, “स्वतःच्या पोरीसारखं केलंस तिचं.” थोड्या वेळाने व्यवहाराचं बोलले. आज आता बोर्डीची गाडी नाही; उजाडायच्या आत पोचायचं म्हणजे पहाटेची पहिली गाडी. बोर्डीची वाट समुद्राच्या कडेने उत्तरेला. महालक्ष्मीचा डोंगर राहिला पूर्वेला, आत. अंधारात तो कुठूनच दिसायचा नाही. तसबिरीवर भागवायचं ते सुट्टीच्या दिवशी, आणि शुक्रवार काही सुट्टी नव्हे. पारोशी तू घराबाहेर पडायची नाहीस, म्हणजे भाऊंसमोर उभी राहणार आणि तुझं तोंड बंद.

मलाही तेच दिसत होतं.

“असं करू,” हे म्हणाले. “मी येतो बरोबर. तू शेजारी उभी राहा, मी सांगतो भाऊंना तुझ्या वतीने. तुझा नेमही मोडायला नको.”

चांगल्या मनाने बोलले ते. त्यांनी माझा हा नेम इतकी वर्षं माझ्याइतकाच पाळला आहे. सकाळी चहाची साखर संपली तरी मला विचारलेलं नाही. पण ‘तुझ्या वतीने’ हा शब्द मला सोसला नाही. मी म्हटलं, “नको. माझ्या वतीने आता कुणीच काही नको.”

“मग देवीला काय सांगशील?”

मी देवघरात जाऊन बसले. आईसमोर मी कधी तक्रार केलेली नाही, त्या दिवशी केली. म्हटलं, तुझं मौन मी पाळलं, आणि माझ्या तोंडाने दुसरीच बोलत राहिली. तू बघत होतीस ना? मग समईकडे बघत बसले. तिच्याकडून काही उत्तर येईल अशी अपेक्षा नसते. पण बसल्या बसल्या माझं मलाच सुचलं ते एवढंच, की तुला जे बोलले तो शब्द होता, आणि हौदापाशी हिरकणीला दिला तोही शब्दच होता. तुझं देणं तू थोडं थांबून घेशील. तू आई आहेस. हिरकणीला किती थांबवायचं?

रुचिताचं नाव घ्यायचं की नाही, हेही तिथेच ठरलं. चुकून दाबलं, असं मी म्हणणार नव्हते. जे झालं तेच सांगणार: फोन मी दिला, तिने घेतला, आणि जे तिने केलं ते तिने केलं. तिला कायम करतील की काढतील, ते भाऊ बघतील. तिच्या आईचा विचार मनात आला. आला आणि तिथेच बसून राहिला. अजूनही बसलेला आहे. पण हिरकणीचा त्याच्याही आधी येऊन बसला होता.

पहाटे आंघोळ केली. तोंड मिटलेलं होतं, सवयीने. फोनवरचा पासवर्ड आंघोळीआधीच बदलला होता; या वेळी त्यात कुठलाच देव घातला नाही. तो कोणाला सांगितलेला नाही, आणि इथेही लिहीत नाही. गोमुखी पिशवीत घातली, तिथे तपकिरीची डबी होतीच. हे दारापर्यंत आले. त्यांची रेल्वेची टॉर्च माझ्या हातात दिली. गंमत वाटली मला त्याही वेळी. आंघोळीनंतर जपाच्या माळेशिवाय हातात घेतलेली पहिली वस्तू.

स्टँडवर बोर्डीची गाडी लागली होती. आत मासळीच्या रिकाम्या टोपल्या घेऊन दोघी-तिघी, मागे शाळेत नोकरीला जाणारं एक जोडपं. पूर्वेला अजून काळोखच होता. मी तिकडे तोंड करून एकदा हात जोडले, डोंगर नव्हता तरी. मग चढले आणि खिडकीपाशी बसले. शेजारची जागा रिकामी होती, तिथे मी पिशवी ठेवली नाही.

कंडक्टर आला. तो कधीतरी तलासरीच्या गाडीवरही असतो, मला ओळखतो. सकाळी या बाई बोलत नाहीत, बोटाने खूण करतात, हे त्याला ठाऊक आहे. त्याने हसून तिकिटाचं मशीन पुढे धरलं आणि माझ्या बोटाची वाट पाहत राहिला.

मी हात मांडीवरच ठेवले.

“बोर्डी,” मी म्हटलं. “एक.”